रोरीने थडगं ‘लिहिलं’ होतं: आयर्लंडची जुनी कबरशिल्पं बघायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डब्लिनहून किल्केनीला गेलात, सेंट कॅनिस कॅथेड्रल आणि जरपॉइंटचा मठ बघितला, गाइड प्रत्येक थडग्यापुढे ‘मास्टरपीस’ म्हणत होता आणि तुम्हाला मात्र त्या मूर्ती पत्त्यांतल्या राजा-राणीसारख्या सपाट, बटबटीत डोळ्यांच्या वाटल्या. इटलीत त्याच वेळी मायकेलअँजेलो काम करत होता आणि इथे हे असलं, मग गाइड फेकत होता की आपल्याला कळत नाही? वर वॉटरफर्डच्या त्या सांगाड्याच्या थडग्यावर बेडूक का बसलाय हेही विचारलंत.

मी दगडाच्या संवर्धनाचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, सुरुवात आपल्याकडच्या बेसॉल्टच्या देवळांत झाली आणि निम्मी वर्षं आयर्लंडात गेली. पहिल्यांदा जरपॉइंटला गेलो तेव्हा माझंही तुमच्यासारखंच झालं होतं हे आधीच कबूल करतो, मनात म्हटलं हे काय, गुडघे कुठायत यांचे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी दगड, कारण दगड कळला नाही तर पुढचं सगळं हवेतच राहतं. किल्केनीचा तो प्रसिद्ध ‘काळा मार्बल’ मार्बल नाहीच, तो चुनखडक आहे, आपल्या शहाबादी फरशीच्या जातीतला म्हणा, फक्त जाड, घट्ट थरांचा. वय तीस कोटी वर्षांहून जास्त. नीट पॉलिश केला की काळाभोर चमकतो आणि त्यात समुद्री प्राण्यांचे पांढरे अवशेष ठिपक्यांसारखे दिसतात, पण छिन्नी मारली की तोच दगड फिकट राखाडी होतो. म्हणजे कारागिराच्या हातात दोन रंग फुकट आले, घासलेला भाग गडद आणि टाचलेला भाग फिका. आज बऱ्याच थडग्यांचं पॉलिश गेलंय, काही तर शतकानुशतकं छप्पर नसलेल्या मठांत पावसात भिजत पडली होती, त्यामुळे आपल्याला सगळं एकाच मळकट राखाडी रंगात दिसतं आणि अर्धी मजा तिथेच संपते.

हा दगड आधीपासून मूर्तींसाठी वापरत होते असंही नाही. बाराव्या-तेराव्या शतकात नॉर्मन सरदार आले ते ब्रिस्टलजवळच्या डंड्रीचा पिवळट, मऊ दगड जहाजात घालून आणायचे, कारण त्यांचे गवंडी त्याच दगडाला सरावलेले होते. मग १३४८-४९ ला प्लेग आला, किल्केनीतला फ्रायर, म्हणजे ख्रिस्ती भिक्षू, जॉन क्लिन त्याचं वर्णन लिहीत बसला आणि त्या लिखाणानंतर तोही गेला. माणसं गेली, पैसा आटला, इंग्लिश अंमल आकसला आणि मृताची आडवी मूर्ती कोरायचं काम जवळजवळ शंभर वर्षं थंडावलं. साधारण १४५० नंतर ते परत सुरू झालं तेव्हा बाहेरचा दगड नव्हता, स्थानिक चुनखडक होता, स्थानिक पाथरवट होते आणि त्यांची टाचायची पद्धतही वेगळी होती. हे डोळ्यांनी ओळखता येतं. जुन्या डंड्रीच्या दगडावर तिरक्या, समांतर बारीक रेघा असतात आणि पंधराव्या शतकातल्या चुनखडकावर टोकदार छिन्नीचे खळगे खळगे, अगदी पाट्याला नवीन टाकी लावून घेतल्यावर दिसतात तसे. घरी पाटा-वरवंटा बघितलेला असेल तर एवढ्या एका खुणेवर तुम्ही मठाचा कुठला भाग जुना आणि कुठला नंतर बांधलेला ते सांगू शकाल, मी पाहुण्यांना हाच खेळ खेळायला लावतो.

आता सपाटपणाबद्दल. चुनखडक बेसॉल्टइतका कठीण नाही, पण मऊही नाही, आणि मुख्य म्हणजे ठिसूळ आहे, मधेच कॅल्साइटची पांढरी शीर लागते किंवा एखादं शिंपल्याचं अंग येतं आणि खपली उडते. इंग्लंडमध्ये त्या काळात अलाबास्टर जोरात होता, तो म्हणजे जिप्समचाच प्रकार, नखाने ओरखडा पडेल इतका मऊ, त्यात बोटांची पेरं, केसांचे कुरळे सगळं सुरीने काढता येतं. अलाबास्टरची छोटी पॅनल्स सगळीकडे विकली जायची, आयर्लंडातही आली. एनिसच्या फ्रान्सिस्कन मठात मॅकमाहन घराण्याच्या थडग्याची पॅनल्स आहेत, साधारण १४७० ची, येशूची अटक, फटके, क्रूस, दफन, पुनरुत्थान. सध्या ती १८४३ ला उभारलेल्या क्रे घराण्याच्या थडग्यात बसवलेली दिसतात. कोरणाऱ्यासमोर अलाबास्टरचा नमुना होता हे लगेच कळतं, माणसांची मांडणी तीच, हातवारे तेच, पण चुनखडकात येताना सगळं जाड झालंय, हात पंज्यासारखे, चेहरे थोराड. मऊ दगडातली चाल कडक दगडात नेली की असंच होतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल की दगडाने मार खाल्ला, कारागीर बिचारा काय करणार. मीही बरीच वर्षं असंच सांगत होतो. पण मग मेयोमधल्या स्ट्रेडच्या मठात गेलो. तिथलं पंधराव्या शतकातलं थडगं बघा, भिंतीतला कोनाडा आणि त्याच्या वर ज्वाळांसारखी वळणारी दगडी जाळी, आरपार कोरलेली, ती त्याच जातीच्या चुनखडकात आहे. ज्याला दगडाची अशी लेस काढता येते त्याला प्रेषिताच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाच्या, झग्याला खोल चुणी काढता येत नव्हती हे मला पटत नाही. म्हणजे सपाटपणा ही निदान काही अंशी निवड होती. त्यांना गोलाई नकोच होती, त्यांना रेघ हवी होती.

इथे रोरी ओ’टनी येतो. टिपरेरीतल्या किलकूली मठात पिअर्स बटलर नावाच्या सरदाराचं थडगं आहे, तो १५२६ ला वारला, आणि त्यावर कारागिराने चक्क नाव कोरलंय. आयर्लंडच्या मध्ययुगातले शिल्पकार जवळजवळ सगळे निनावी आहेत, त्यात हे नाव म्हणजे लॉटरीच. ओ’टनी हे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश नाव, म्हणजेच अँग्लो-नॉर्मन बटलरांसाठी गेलिक घरातला पाथरवट काम करत होता. जरपॉइंटला रॉबर्ट वॉल्श आणि त्याची बायको कॅथरीन पॉवर यांचं १५०१ चं थडगंही त्याचंच. आणि नावापुढे लॅटिनमध्ये तो काय म्हणतो? ‘फेसिट’ नाही, म्हणजे ‘केलं’ असं म्हणत नाही, तो म्हणतो ‘स्क्रिप्सिट’, लिहिलं. काही जण याचा अर्थ एवढाच घेतात की त्याने फक्त मजकूर कोरला आणि मूर्ती दुसऱ्या कुणी केल्या. होऊ शकतं. पण मला वाटतं शब्दाने फसू नये, पाथरवटाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. त्या शिळांच्या कडेने जी काळ्या गॉथिक वळणाची अक्षरं फिरतात ती बरेचदा आत खोदलेली नसतात, आजूबाजूचा दगड खाली उतरवून अक्षर उठवलेलं असतं. एक जाड उभी रेघ, मधे बारीक जागा, परत जाड उभी रेघ. आता त्याच थडग्याच्या बाजूला उभ्या असलेल्या प्रेषिताच्या झग्याकडे बघा. एक जाड उभी चुणी, मधे बारीक जागा, परत जाड उभी चुणी. तोच हात आहे, तीच छिन्नी, तोच ताल. दाढीसुद्धा अक्षराच्या वळणासारखी खाली उतरते. मला हे जेव्हा लक्षात आलं तेव्हापासून मी त्या मूर्तींत गुडघे शोधणं सोडून दिलं, हस्तलिखिताचं पान बघावं तसं बघायला लागलो, आणि खरं सांगतो, एकदम आवडायला लागल्या.

तर बघायचं कसं. थडगं म्हणजे दगडी पलंगासारखी पेटी, वर मृताची आडवी मूर्ती आणि चारही बाजूंच्या पाट्यांवर छोट्या कमानींमध्ये उभ्या मूर्ती. इंग्रजीत त्यांना ‘वीपर्स’ म्हणतात, रडणारे, कारण युरोपात इतरत्र तिथे शोक करणारे नातेवाईक असायचे. किल्केनी-टिपरेरीकडे, म्हणजे ऑर्मंडच्या बटलरांच्या मुलखात, तिथे नातेवाईक नसून येशूचे प्रेषित उभे असतात आणि कुणी रडत वगैरे नाही. चेहरे सगळ्यांचे सारखे, ओळख हातातल्या वस्तूवरून. किल्ली असेल तर पीटर, एक्ससारखा तिरका क्रूस म्हणजे अँड्र्यू, प्याला म्हणजे जॉन, भाला म्हणजे थॉमस, करवत म्हणजे सायमन. टोपी, काठी आणि शिंपला असेल तर थोरला जेम्स, कारण स्पेनमध्ये सांतियागोला त्याच्या यात्रेला जाणारे शिंपला लावून फिरायचे. आणि हातात सुरी किंवा स्वतःचीच सोललेली कातडी घेतलेला तो बार्थोलोम्यू, हा लहान मुलांचा हमखास आवडता. त्या वस्तू बरेचदा ज्या हत्याराने त्याला मारलं तीच असतात, म्हणजे असा प्रत्येक जण आपलं मरण हातात घेऊन उभा आहे आणि चेहऱ्यावर काही नाही, बस स्टॉपवर उभे असल्यासारखे. आपल्याकडे विष्णूच्या मूर्ती हातातल्या आयुधांच्या क्रमावरून ओळखायची सवय असलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत जमतं. एकदा जमलं की पुढच्या मठात गेल्यावर तुम्हाला तोच सायमन तशीच करवत धरून भेटेल, तीच मान, तोच झगा, आणि कळेल की कारखान्यात नमुने ठरलेले होते आणि गिऱ्हाईकाप्रमाणे जुळणी व्हायची. कॉपी म्हणून नाक मुरडू नका, गिऱ्हाईकाला नवीन कल्पना नको होती, मेल्यावर आपल्यासाठी प्रार्थना करणारे खात्रीचे बारा जण हवे होते.

चिलखताबद्दल एक इशारा, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय. कुठल्याही युरोपियन सरदाराच्या मूर्तीची तारीख लोक चिलखतावरून काढतात, तशी मी एकदा एका किल्केनीकडच्या मूर्तीची काढली आणि आत्मविश्वासाने ‘चौदावं शतक’ म्हणून रिपोर्टमध्ये टाकलं. चूक जवळजवळ शंभर वर्षांची निघाली. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण लोखंडी पत्र्याचं चिलखत चालू होतं, आणि इकडे १५२६ च्या पिअर्सच्या अंगावर पत्रा आहे पण गळ्याभोवती आणि मांड्यांवर अजून कड्यांची साखळी आहे, डोक्याला जुन्या धाटणीचं निमुळतं शिरस्त्राण. कारागिराने जुना नमुना गिरवला असेल हे एक कारण, पण दुसरं मला जास्त पटतं, की आयर्लंडच्या दलदलीत आणि झाडीत लढायला ती साखळीच बरी पडायची आणि ती माणसं खरंच तसं घालत होती. बायकांचंही तेच. सेंट कॅनिसमध्ये पिअर्स रुआ बटलर (हा दुसरा पिअर्स), ऑर्मंडचा अर्ल, वारला १५३९ ला, आणि शेजारी त्याची बायको मार्गारेट फिट्झजेरल्ड, १५४२ ची, ही किल्डेअरच्या अर्लची मुलगी, म्हणजे आयर्लंडमधल्या सगळ्यात ताकदवान घरातली बाई. आणि तिच्या डोक्यावर दोन शिंगांसारखा शिरोवेष आहे जो लंडनमध्ये केव्हाच जुना झाला होता. पण ती जोडी नीट बघा, याच्या आधीच्या सगळ्या मूर्तींपेक्षा तिथे दगड जास्त गोल झालाय, तुम्हाला गुडघे हवेच असतील तर तिथे सापडतील. मला स्वतःला त्यांच्यापेक्षा रोरीचे सपाट प्रेषित जास्त आवडतात.

सेंट कॅनिसबद्दल अजून एक, वर कोण झोपलंय आणि खाली कुठली पेटी आहे यांचा संबंध असेलच असं धरू नका. १६५० ला इंग्लिश सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याने किल्केनी घेतलं तेव्हा कॅथेड्रलची मोडतोड झाली, छप्पर गेलं, थडगी फुटली. नंतर अठराव्या शतकात बिशप पोकॉकने दुरुस्ती केली, त्या मधल्या काळात आणि नंतरही तुकडे इकडून तिकडे गेले, कुणाची मूर्ती कुणाच्या पेटीवर चढली. भिंतीत बसवलेली सुटी पॅनल्स दिसतात ती त्यातलीच. त्यामुळे माहितीच्या पाटीवर नाव असलं तरी आधी दगडाच्या जाडीकडे, कडेच्या नक्षीकडे बघायचं, वरची आणि खालची जुळते का.

बाकीच्या आयर्लंडची ओळख पटकन करून देतो, कारण किल्केनी म्हणजे सगळं नाही. डब्लिनच्या आसपासच्या इंग्लिश पट्ट्यात पेटीच्या बाजूंना प्रेषितांपेक्षा घराण्याच्या ढाली जास्त दिसतात, होथच्या सेंट मेरीमध्ये ख्रिस्तोफर सेंट लॉरेन्स आणि अॅना प्लंकेट यांचं थडगं आहे, तो १४६२ ला वारला, तुम्ही डब्लिनमध्ये राहता तर हे लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे. पश्चिमेला गेलिक सरदारांच्या मुलखात आडवी मूर्ती बहुतेक नसतेच, भिंतीतली नक्षीदार कमान असते, स्ट्रेडसारखी किंवा गॉलवेमधल्या किलकॉनलसारखी. किलकॉनलला संतांमध्ये डेनिस आणि लुई आहेत, फ्रान्सचे संत आयर्लंडच्या एवढ्या आत काय करतायत यावर अभ्यासकांचं डोकं बरंच चालतं. आणि रॉसकॉमनला अवश्य जा. तिथे फेलिम ओ’कॉनर या राजाची मूर्ती आहे, तो १२६५ ला वारला आणि मूर्ती १३०० च्या आसपासची, पण तिच्या खाली पंधराव्या शतकातली पॅनल्स लावलीत आणि त्यात प्रेषित नाहीत, संत नाहीत, आठ गॅलोग्लास उभे आहेत. हे मूळचे स्कॉटलंडच्या बेटांवरचे भाडोत्री सैनिक, लांब साखळीचे अंगरखे, सात जणांकडे तलवार आणि एकाकडे कुऱ्हाड. उत्तरेला डनगिव्हनला ओ’काहनच्या थडग्यावर असेच सहा आहेत. कुणाला मेल्यावर प्रार्थना करणारे हवे, कुणाला पहारा देणारे.

आता तुमचा बेडूक. वॉटरफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथेड्रलमधलं ते थडगं जेम्स राइसचं, हा गावचा व्यापारी, अकरा वेळा मेयर झालेला, १४७३ ला आणि परत १४८३ ला समुद्रातून सांतियागोच्या यात्रेला जाऊन आलेला. थडगं त्याने स्वतःच साधारण १४८२ च्या सुमारास करून घेतलं, म्हणजे जिवंतपणी. वर अकरा वेळा मेयर झालेला माणूस नाही, कफनात गुंडाळलेलं, सडायला लागलेलं प्रेत आहे, डोक्यापाशी कफनाची गाठ सुटलेली, किडे फिरतायत आणि पोटावर बेडूक बसलाय. खाली बाजूंना प्रेषित आणि संत मात्र नेहमीसारखे नीटनेटके. लॅटिन मजकूर जाणाऱ्याला सांगतो की थांब, रड, तू आहेस तो मी होतो आणि मी आहे तो तू होणार आहेस. ही फॅशन युरोपात इतरत्रही होती, आयर्लंडमध्ये ड्रॉहेडाला सर एडमंड गोल्डिंग आणि त्याची बायको एलिझाबेथ फ्लेमिंग दोघांची अशी जोडीने प्रेतं आहेत, चर्चच्या आवाराच्या भिंतीत उभी लावलेली. लोकांना वाटतं हे घाबरवायला केलंय. त्यात हिशोब पण आहे. मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याच्या ठिकाणी किती काळ अडकणार हे तुमच्यासाठी किती जण प्रार्थना करतात त्यावर होतं, आणि सुंदर मूर्तीपुढे माणूस कौतुक करून पुढे जातो, प्रेतापुढे मात्र थबकतो आणि तोंडातून आपोआप काहीतरी निघतं. राइस व्यापारी होता, कुठला माल गिऱ्हाईकाला थांबवतो हे त्याला कळत होतं.

परत जाणार असाल तर दोन कामाच्या गोष्टी. सोबत छोटा टॉर्च घ्या आणि समोरून मारू नका, दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका, जिथे काहीच नाही असं वाटत होतं तिथे अक्षरं उठून येतात, करवतीचे दात मोजता येतात. ऊन असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, दुपारचं ऊन या शिल्पांचं वाटोळं करतं. आणि कृपा करून अक्षरं वाचायला खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका, दगडफूल नखाने खरवडू नका, दगडफूल निघताना चुनखडकाचा वरचा पापुद्रा घेऊन जातं आणि त्या पापुद्र्यावरच छिन्नीची खूण असते. एका ठिकाणी कुणीतरी तारेच्या ब्रशने ‘स्वच्छ’ केलेलं थडगं मी बघितलंय, छान पांढरं झालं होतं आणि वाचायला काही उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, सेंट कॅनिसमध्ये एडमंड पर्सेलची १५४९ ची शिळा शोधा, हा ऑर्मंडच्या अर्लच्या गॅलोग्लासांचा कप्तान. त्यावर येशूच्या छळाची सगळी हत्यारं मांडलीत, शिडी, खिळे, हातोडा, आणि त्यात एक तीन पायांचं भांडं आहे ज्याच्यावर कोंबडा उभा आहे. कोंबडा आरवण्याआधी पीटरने येशूला तीनदा नाकारलं, त्या गोष्टीतला हा कोंबडा असं पुस्तकात वाचलेला माणूस म्हणेल, पण मग भांडं कशाला? आयरिश लोकांत गोष्ट सांगतात की येशूला पुरल्यावर काही जण चुलीवर कोंबडा शिजवत बसले होते, एक जण हसून म्हणाला, तो परत उठेल म्हणे, हा शिजलेला कोंबडा उठला तर तो उठेल. कोंबडा टुणकन भांड्याच्या काठावर आला, पंख फडफडवले आणि ओरडला, ‘माक ना होये स्लान’, म्हणजे कुमारीचा मुलगा सुखरूप आहे. आयर्लंडातल्या म्हाताऱ्या माणसांना कोंबड्याच्या आरवण्यात हेच शब्द ऐकू यायचे. टॉर्च डावीकडून मारा, पंख दिसतील.